कवळीकाकांचं न उघडलेलं खोकं

कवळीकाकांना सगळे कवळीकाका म्हणत, ते त्यांच्या तोंडात कवळी होती म्हणून नव्हे. स्वतःचे दात त्यांनी सत्तरीपर्यंत शाबूत ठेवले होते आणि त्याचा त्यांना नको इतका अभिमान होता. पण उभी हयात गेली ती दुसऱ्यांच्या कवळ्या बनवण्यात. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे, आणि हे घराच्या मागच्या खोलीत बसून मेण, प्लास्टर आणि गुलाबी प्लास्टिक यांतून लोकांना पुन्हा हसता येईल अशी सोय करून द्यायचे. स्वतः मात्र फारसे हसत नसत. एखाद्या दाताचा कोन केसभर चुकला तर ते जेवणाऱ्याला कळत नाही, डॉक्टरलाही कळत नाही, पण काकांना तीन दिवस अन्न गोड लागत नसे.

जीव होता तो गाड्यांवर. तळहाताएवढ्या, प्लास्टिकच्या, सुटे भाग जोडून करायच्या. 'खेळण्यातल्या गाड्या' असं त्यांच्यापुढे म्हणायची सोय नव्हती. तसं म्हणणाऱ्या एका मेहुण्याशी त्यांनी वर्षभर बोलणं टाकलं होतं. जुन्या काळी हे भाग खोक्यात भरून विकायला यायचे. पुढे त्या कंपन्या बुडाल्या, साचे भंगारात गेले, आणि माळ्यावर राहिलेल्या खोक्यांना एकदम भाव आला. कुणी काकांकडे वडिलांनी अर्धवट जोडून टाकलेली गाडी आणी, कुणी भावंडांच्या भांडणात टप चेपलेली. काका जुना रंग उतरवत, वाळलेल्या गोंदाचे ओघळ कानशीनं काढत, हरवलेला आरसा कवळीच्या प्लास्टिकमधून नवा घडवत. गाडी परत जाई तेव्हा कारखान्यातून आत्ताच निघाल्यासारखी दिसे. ती कधीकाळी एखाद्या पोरानं जोडली होती याची खूण औषधालासुद्धा उरत नसे. लोक तोंडभर कौतुक करत. एखादी बाई मात्र गाडी हातात घेऊन जरा वेळ गप्प उभी राही, मग "छान झालीय" म्हणून निघून जाई. अशा बायकांचं काय बिनसतं हे काकांना कधी कळलं नाही.

आता ते सगळं संपत आलं होतं. उजवा हात थरथरू लागला होता. चिमट्यात एखादा बारीक भाग धरला की तो भाग हवेत नाचे, आणि एकदा निसटला की खोलीभर शोधत बसावं लागे. डॉक्टरांनी सरळच सांगितलं होतं, हे वाढत जाणार. काकांनी गिऱ्हाइकं बंद केली.

शेवटचं गिऱ्हाईक म्हणजे चौकातला चष्मेवाला. तो मामाच्या घरातून मिळालेलं एक खोकं घेऊन आला तेव्हा काकांनी "या" सुद्धा म्हटलं नाही. दारातच विचारलं, "टायर वेगळे काढलेत?"

"टायर? अहो, गाडी जोडायचीच आहे अजून."

"म्हणूनच विचारतोय. इकडे आणा आधी. चहा नंतर."

त्यांनी झाकण उघडलं, चारही टायर निवडून एका कागदाच्या पुडीत बांधले आणि मगच खुर्चीवर टेकले. हे ते प्रत्येकाला सांगत, अगदी तोंडपाठ केल्यासारखं. जुने टायर मऊ रबरासारख्या प्लास्टिकचे. ते मऊ राहावेत म्हणून त्यात जे तेल घालतात ते वर्षानुवर्षं हळूहळू सुटतं, आणि शेजारी कडक प्लास्टिक असेल तर त्याला खातं. बाहेरून खोकं नवंकोरं, आत टायर काचेत रुतून बसलेला. बाकी काहीही दुरुस्त होतं, काच होत नाही. पारदर्शक प्लास्टिक एकदा वितळलं की संपलं.

चष्मेवाल्यानं चहा पिता पिता वर पाहिलं. कपाटावर, कारखान्याच्या पारदर्शक वेष्टनातलं एक खोकं होतं. झाकणावर हिरवी दोन दारांची गाडी घाटातलं वळण घेत होती.

"काका, मग त्यातले काढलेत का?"

काका टायरच्या पुडीची घडी पुन्हा घट्ट करू लागले.

"वेष्टन फोडायला जिवावर येतं होय? अहो, फोडा, टायर काढा, पुन्हा नवीन प्लास्टिक चढवा. केस वाळवायचं यंत्र फिरवलं की बसतं घट्ट. कुणाला कळतंय?"

"त्याला हात लावायचा नाही," काका म्हणाले. "मुलीला शब्द दिलाय."

मुलगी म्हणजे ठकू. खरं नाव कागदोपत्री, घरात ठकूच. काकांची एकुलती एक. लहानपणी ती शाळेतून आली की दप्तर टाकून मागच्या खोलीत यायची आणि टेबलाला हनुवटी टेकून बापाचं काम बघत उभी राहायची. हिरवी गाडी काकांनी तिच्यासाठीच आणली होती. तिनं त्याच दिवशी ती जोडायचा हट्ट धरला. काका म्हणाले, "आधी हात बसू दे. हात बसला की आपण दोघं मिळून ही जोडू." मग तिला साध्यासुध्या गाड्या आणून दिल्या, हात बसवायला.

पोर जीव ओतून जोडायची. चुका व्हायच्याच. या गाड्यांना लागणारा पातळ गोंद हा खरं तर गोंद नसतोच. तो प्लास्टिकला वरून वितळवतो आणि दोन भाग एकमेकांत मुरतात. तो बोटाखाली गेला की बोटाच्या सगळ्या रेषा गाडीवर उमटून राहतात, कायमच्या. ठकूच्या प्रत्येक गाडीवर कुठे ना कुठे तिचा अंगठा उमटलेला असे. ती शाळेत गेली की काका तो घासून टाकत. रंगाचे ओघळ पुसत, वाकडं चाक सरळ करत. तिला सांगत नसत. यात त्यांचा हेतू वाईट होता असं कुणी म्हणणार नाही. त्यांना ते बघवत नसे, इतकंच. पण पोर आंधळी नव्हती. संध्याकाळी गाडी हातात घेऊन ती उलटसुलट करून बघायची आणि परत ठेवून द्यायची.

अकराव्या वर्षी तिनं शाळेच्या प्रदर्शनासाठी दुधाची गाडी केली. पिवळी. बापाला जवळ फिरकू दिलं नाही. रंग वाळत ठेवला आणि आईबरोबर दोन दिवस मावशीकडे गेली. परत आली तेव्हा टेबलावर दुधाची गाडी होती, पण ती तिची नव्हती. काकांनी सगळा रंग उतरवून, सांधे घासून, फवाऱ्यानं नवा पिवळा रंग दिला होता. आरशासारखा. ठकूनं ती मुकाट्यानं शाळेत नेली. पहिलं बक्षीस मिळालं. घरी येऊन तिनं गाडी आणि बक्षिसाचा पेला दोन्ही बापापुढे ठेवलं.

"घ्या. तुमचं बक्षीस."

त्यानंतर ती मागच्या खोलीत आली नाही. काकांनी समजूत काढली, चिडले, बायकोला मध्ये घातलं. शेवटी एक दिवस कपाटावरचं खोकं खाली काढून तिच्यापुढे धरलं आणि म्हणाले, "हे बघ. वेष्टन आहे तस्सं आहे. तू आल्याशिवाय याला मी हात लावणार नाही. शपथ."

अकरा वर्षांची पोर "बघू" म्हणाली.

आता याला वीसेक वर्षं झाली. ठकू मोठी झाली, दुसऱ्या शहरात गेली, तिथे लोकांना गाडी चालवायला शिकवू लागली. खरी गाडी, रस्त्यावरची. फोन करायची तो आईला. "बाबांना देऊ का?" असं आई विचारी, आणि पलीकडून "कामात असतील, राहू दे" असं येई. काका शेजारच्या खोलीत हातातलं काम थांबवून ऐकत असत. गेल्या वर्षी आई गेली. ठकू आली, सगळं रीतसर केलं, बापाच्या कपड्यांच्या घड्या घालून ठेवल्या आणि गेली. मागच्या खोलीच्या दारात क्षणभर थांबली होती. कपाटावर नजर गेली असेल की नाही, कोण जाणे.

खोक्यात काय चाललंय हे काकांना ठाऊक नव्हतं असं नाही. उलट सगळ्यात जास्त त्यांनाच ठाऊक होतं. दरवर्षी धूळ झटकताना ते खोकं कानाशी धरून हलवत. आत चार टायर सुटे होते, ते हलके टकटक वाजत. एक वर्ष असं आलं की तीनच वाजले असं वाटलं. मग दोन. मग एका वर्षी काहीच वाजलं नाही. त्या दिवशी काकांनी खोकं परत ठेवलं आणि तिन्हीसांज झाली तरी दिवा न लावता बसून राहिले. बायकोनं विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "काही नाही, धूळ गेली डोळ्यात."

चष्मेवाला म्हणाला ते त्यांच्या मनात शंभरदा येऊन गेलं होतं. वेष्टन चढवायला त्यांना कितीसा वेळ लागणार होता? पण मग ते पुन्हा तेच झालं असतं. तिच्या पाठीमागे, तिच्या वस्तूवर, तिला न सांगता. सगळ्या जन्मात एका गोष्टीला त्यांनी हात लावला नव्हता, तेवढंच दाखवण्यासारखं होतं त्यांच्याकडे.

चष्मेवाला गेल्यावर त्यांनी फोन उचलला. हात थरथरत होता म्हणून आकडे दोनदा चुकले.

"ठकू, ते हिरव्या गाडीचं खोकं आहे बघ. उघडूया का?"

 ठकू म्हणाली, "अजून आहे ते?"

"आहे. वेष्टनात आहे."

"रविवारी येते. संध्याकाळच्या बसनं परत निघावं लागेल मला."

रविवारपर्यंत काकांचा जीव टांगणीला लागला होता. टेबल तीनदा पुसलं. नवी पाती, चिमटे, कानशी, गोंद, कुंचले ओळीनं मांडले. मग ओळ फार सरळ वाटली म्हणून जरा विस्कटली. ठकू आली ती हातात बिस्किटांचा पुडा घेऊन. केसात एक-दोन पांढरे. काकांना उगाचच वाटलं होतं की अकरा वर्षांचीच येईल.

"हात दाखवा बघू," ती आल्या आल्या म्हणाली.

"काही नाही, जरासा हलतो."

"जरासा!" तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, थोडा वेळ धरूनच ठेवला. काकांनी मान वळवली. हे वय काय रडायचं असं त्यांना वाटलं.

खोकं टेबलावर आलं. ठकूनं वेष्टनावर नख फिरवलं, सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. कुठे चीर नाही, जोड नाही. कारखान्याची बारीक चिठ्ठी जागच्या जागी.

"खरंच हात नाही लावलात," ती म्हणाली.

"म्हटलं होतं ना."

तिनं हसून पातं घेतलं आणि वेष्टन कापलं.  झाकण वर येताना जुन्या प्लास्टिकचा आंबूस वास आला आणि काकांनी डोळे मिटले, कारण तो वास त्यांना माहीत होता.

एक टायर पुढच्या काचेत रुतला होता. काच त्याच्याभोवती मेणासारखी ओघळून मग थिजली होती. दुसरा बॉनेटला चिकटून पार आरपार गेला होता. उरलेले दोन डिकीत दोन गोल खड्डे करून बसले होते. टप तेवढा वेगळ्या पिशवीत होता म्हणून वाचला.

"हे काय झालं?" ठकूनं विचारलं.

काकांनी सांगितलं. तेल, मऊ प्लास्टिक, कडक प्लास्टिक. तेच पाठ केलेलं भाषण, पण या वेळी शब्द पुढे सरकत नव्हते.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"झाली काही वर्षं. वाजेनासे झाले."

"मग काढले का नाहीत?"

"तुझ्याशिवाय हात लावणार नाही म्हणालो होतो."

 ठकूचा आवाज एकदम चढला. "बाबा, फोन करायचा ना! 'ठकू, टायर काढू का?' एवढं विचारायचं होतं. मी काय नाही म्हणाले असते?"

 इतक्या वर्षांत काकांना हे सुचलंच नव्हतं. गुपचूप करायचं किंवा मुळीच करायचं नाही, या दोनच वाटा त्यांना ठाऊक होत्या. विचारणं ही तिसरी वाट इतकी सरळ समोर होती की त्यांना ती दिसली नव्हती. त्यांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त थकल्यासारखं वाटलं.

"दुसऱ्या एखाद्या गाडीची काच मिळेल," ते घाईनं म्हणाले. "मी चष्मेवाल्याला विचारतो. बॉनेटला मागून पत्रा लावून पुट्टी भरली, ती घासली, की कुणाला..."

"बाबा."

"नुसतं सांगतोय."

"पुट्टी नको, घासणं नको. आहे तशी जोडू. भोकांसकट." तिनं खुर्ची ओढली. "मी जोडते. तुम्ही शेजारी बसा. आमच्याकडे शिकाऊ माणूस गाडी चालवतो तेव्हा माझ्या पायाखाली ब्रेक असतो, पण हात मांडीवर. त्यानं कितीही वाकडी नेली तरी त्याच्या हातातलं स्टिअरिंग ओढायचं नाही. पहिल्या दिवशी हेच शिकवलं आम्हाला. तुम्ही पण ठेवा हात मांडीवर."

काकांनी ठेवले. उजवा मांडीवर थरथरत राहिला.

ती दुपार त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड दुपार होती. आणि खरं सांगायचं तर बऱ्याच वर्षांतली सगळ्यात चांगलीही. ठकूनं इंजिनाचे दोन अर्धे भाग जोडले. सांधा किंचित वर-खाली राहिला. काका मूग गिळून बसले. तिनं सीट उलटी बसवली, मग स्वतःच "अगंबाई" म्हणून काढली. वितळलेली काच तशीच चौकटीत बसवली, टायर उपटल्याचा खड्डा ड्रायव्हरच्या बरोबर समोर. "याला कुणी परवाना देणार नाही," ती म्हणाली, आणि दोघंही हसली. बाप-लेक एकत्र हसल्याचं काकांना शेवटचं कधी आठवेना.

मग टप. तिनं तो गाडीवर टेकवला, अंगठ्यानं दाबून धरला आणि सांध्यावर कुंचल्यानं गोंद सोडला. गोंद सांध्यातून सरसर धावला आणि तिच्या अंगठ्याखाली शिरला. काकांना ते तिच्या आधी दिसलं. जीभ टाळ्याला लावून ते बसून राहिले. तिनं अंगठा उचलला. टपाच्या मधोमध, सगळ्या रेषांसकट, लखलखीत.

ठकूनं हळूच बापाकडे पाहिलं. बाप खिडकीबाहेर बघत होता.

"बिस्किट खा," काका म्हणाले.

निघायची वेळ झाली तेव्हा चाकं राहिली होती. रुतलेले टायर चाकांवर चढण्यासारखे उरले नव्हते. ठकू म्हणाली, "पुढच्या महिन्यात येते. कुठून तरी टायर मिळवा तोवर. चाकं मिळून लावू. पण गाडीला हात लावायचा नाही हं."

"नाही लावणार."

"तसे शब्दाला पक्के आहात, एवढं कळलं मला आज," ती म्हणाली, आणि जाता जाता तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दार लागलं. काका खुर्चीवर येऊन बसले आणि त्यांना इतकं हलकं वाटलं की काय करावं ते कळेना.

मावळतीचं ऊन तिरपं खिडकीतून टेबलावर आलं होतं. टपावरच्या त्या रेषा उन्हात चमकत होत्या. काका ठकूचाच विचार करत होते. पुढच्या महिन्याचा, टायर कुठून आणायचे याचा, ती हसली त्याचा. हातानं नेहमीच्या जागेवरून सगळ्यात बारीक पॉलिश पेपर उचलला. कवळीवर शेवटचा हात फिरवायचा तो, पाण्यात बुडवून वापरायचा. वाटीत पाणी होतंच. हात फिरू लागला आणि काकांच्या लक्षात आलं की तो थरथरत नाहीये. काही धरून ठेवायला गेलं की नाचणारा हात घासताना एकदम स्थिर झाला होता, पूर्वीसारखा, जणू मधली वर्षं गेलीच नाहीत. त्यांना भरून आलं. गेले कित्येक महिने त्यांनी घासून पाहिलंच नव्हतं. छोट्या छोट्या गोलांत, जोर न देता, जसं ते पोटापाण्यासाठी आयुष्यभर करत आले तसं ते करत राहिले. हात असा स्थिर राहतोय हे ठकूला सांगायला हवं, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्यांनी कापडानं पाणी पुसलं.

टप गुळगुळीत होता.

काकांनी गाडी उजेडाला धरली. तिरपी करून पाहिली. नखानं चाचपलं. मग ती खाली ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले, तिनं सांगितलं होतं तसे. 

फोन वाजला.

"बाबा, बस मिळाली. बसायलाही जागा मिळाली." मागे इंजिनाची घरघर होती. "एक सांगायचं राहिलं. तो अंगठा उमटला ना टपावर, तेव्हा माझं धाबंच दणाणलं होतं. पुन्हा अकरा वर्षांची झाले. म्हटलं, आता बोलणार बाबा. आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत." ती थांबली. "आई असती तर तिला सांगितलं असतं मी. बरं वाटलं, बाबा. तेवढंच."

काकांनी मोकळ्या हातानं कापड ओढून टपावर टाकलं.

"ऐकू येतंय ना? गाडी आहे ना तशीच?"

"हो," काका म्हणाले. "आहे तशीच."

फोन ठेवल्यावर ते उठले ते एकदम गडबडीनं, एखादं घाईचं काम आलं असावं तसे. टपावर गोंदाचा कुंचला फिरवला आणि आपला अंगठा दाबला. अंगठा थरथरला. उमटलं ते फिसकटलेलं, रुंद, बापाचं. ते घासलं. पुन्हा गोंद, या वेळी करंगळी. ती तर आणखीच वेडीवाकडी. ती घासली. त्या अंगठ्याच्या रेषा कशा होत्या हे त्यांना आठवेना. दुपारभर ती समोर बसली होती, आणि ते खिडकीबाहेर बघत बसले होते.

मग त्यांना आपला धंदा आठवला. दुसऱ्याच्या तोंडाचं माप घेऊन हुबेहूब तसंच घडवायचं, हे तर त्यांचं काम. तिचा एक अंगठा कुठे सापडला तर त्याचा ठसा घेता येईल, त्यात ओतता येईल, टपावर बसवता येईल. त्यांनी माप घ्यायची गुलाबी पावडर काढली, वाटीत पाणी घालून घोटली आणि कपाट उघडलं. खालच्या फळीवर ठकूच्या सगळ्या गाड्या होत्या. एकही त्यांनी टाकली नव्हती. दुधाची पिवळी गाडी बाहेर काढली, बॉनेट पाहिलं, टप पाहिला, उलटी करून तळ पाहिला. मग निळी. मग रुग्णवाहिका. मग ती पहिलीवहिली जीप, जिच्यावर दोन्ही अंगठे उमटले होते हे त्यांना पक्कं आठवत होतं. एकेक गाडी ते खिडकीशी नेत, उरलंसुरलं ऊन तिच्यावर पाडत, बोट फिरवत, आणि परत ठेवत.

सगळ्या गुळगुळीत होत्या. काम चोख झालं होतं. कुठे एक रेष राहिली नव्हती.

टेबलावर वाटीतली पावडर घट्ट होत आली होती. माप घ्यायचं तर लगेच घ्यायला हवं होतं. कवळीकाका जीप हातात धरून उभे राहिले, आणि वाटीतलं सगळं थिजून गेलं.